मन्मथ सरांनी रस्ता ओलांडला तेव्हा

महानंदा काकू, बालाजी सर, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला आत्ता बालाजी सरांनी हाताला धरून माईकपर्यंत आणलं. येता येता कानात म्हणाले, "शोभा, लोक पार दाराच्या भायेर उभे हायेत. सावकाश बोल." सावकाशच बोलते. घाईनं बोलायला गेले तर आवाज फुटेल. ज्या मन्मथ सरांशी मी रोज वाद घालत होते, त्यांच्याबद्दल 'होते' म्हणायचं जिभेवर येत नाही.

पण मंडळी, एक गोष्ट आधीच सांगते. सरांच्या घरी काकूंना सकाळी विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय, म्हणून सांगते. सर लिंगैक्य झाल्याचं, गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले. भरपूर रडले. आणि रडून झाल्यावर मला हलकं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे असं का, ते सांगायलाच मी आज लातूरहून उदगीरला आले.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. मी मुदखेडची. मला जन्मापासून दिसत नाही. अंधशाळा झाली, बारावी झाली, आणि पुढं काय, म्हणून मी इथं मावशीकडं राहायला आले. मावशी म्हणाली, कॉम्प्युटर शिक. मला हसू आलं. पण ती मला घेऊन गेलीच.

तेव्हा या गावात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन क्लास होते. अजून हायेत. एका बाजूला बालाजी सरांचा. तिथं विकतचं ऑफिस शिकवायचे. ऑफिस म्हणजे कार्यालय नव्हे, कॉम्प्युटरमधला तो प्रोग्राम, ज्यात पत्र लिहायचं, तक्ता करायचा, हिशेब मांडायचा. कंपनीकडून रीतसर विकत घेतलेला. समोरच्या बाजूला मन्मथ सरांचा. तिथं तेच सगळं फुकटच्या प्रोग्राममध्ये, ज्याच्यावर कुणाची मालकी नाही. गावात लोक सरळ म्हणायचे, "पोरगं कुठं घातलंय? विकतच्यात का फुकटच्यात?"

हे दोघं शाळेपासूनचे दोस्त. क्लास पहिल्यांदा मिळून काढलेला. मग याच एका गोष्टीवरून तुटलं. बालाजी सर म्हणायचे, साहेबाच्या टेबलावर जे हाय तेच पोरांना शिकवायचं, नोकरी त्याच्यावर मिळते. मन्मथ सर म्हणायचे, शिकायला जे अडवत नाही ते शिकवायचं, पोरगं घरी गेल्यावर त्याला प्रोग्रामची चोरीची कॉपी टाकायची वेळ येऊ नये. आता तुम्ही सांगा, यातलं कुणाचं चुकलं? मला आजही सांगता येत नाही. पण बोलणं बंद झालं. बालाजी सरांच्या मुलीचं लग्न झालं, मन्मथ सर गेले नाहीत. सरांच्या आई गेल्या, बालाजी सर मातीला मागच्या रांगेत उभे राहून निघून गेले.

आणि ते दिवस कसे होते, आठवा. पाऊस नाही. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. इथं गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की दोन्ही क्लास रिकामे व्हायचे. सगळी पोरं घागरी घेऊन एकाच रांगेत, आणि रांगेतसुद्धा भांडण, विकतचं भारी का फुकटचं भारी. दोन्ही सर त्याच रांगेत. एकमेकांकडं पाठ करून. मी विचारायचे, "मावशी, ते दोघं बोलून राहिले का?" मावशी म्हणायची, "न्हाई गं. घागरीशी बोलून राहिले."

वर गावात एकच चर्चा. उदगीर जिल्हा होणार. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नव्या जागा. दोन्ही क्लासच्या पाट्यांवर तेच लिहिलेलं, मावशीनं मला वाचून दाखवलं होतं. जिल्हा काही झाला नाही. तो विषय राहू द्या.

तर मी मन्मथ सरांकडं गेले. मावशी म्हणाली, पोरीला दिसत न्हाई, शिकवाल का? सर म्हणाले, "शिकवतो. पण आधी मला शिकावं लागंल. थोडे दिवस दे."

आणि सर शिकले कसे? स्क्रीन बंद करून. मंडळी, हे मला महानंदा काकूंनी नंतर सांगितलं. घरी कॉम्प्युटरसमोर बसायचे, स्क्रीन बंद करायचे, आणि नुसत्या बटनांवर सगळं करायचे. त्यांनी एक बोलणारा प्रोग्राम शोधला. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो. मराठीसुद्धा वाचायचा, पण नाकातून, पडसं झाल्यासारखा. मी त्या आवाजावर शिकले. डोळस माणूस मेनू बघतो, हवं ते शोधतो, दाबतो. मला शोधता येत नाही. माझं सगळं बोटांत. कोणत्या बटनानंतर कोणतं, हे बोटांना पाठ पाहिजे. ते झालं. मी पत्र लिहायला लागले. तक्ते करायला लागले. माझे वडील मुदखेडहून आले, मी त्यांच्यासमोर त्यांचं नाव लिहून मशीनला वाचायला लावलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

मग लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात जागा निघाली. पालकांना पत्रं पाठवायची, फोन घ्यायचे. मी गेले, सर सोबत आले. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या मशीनवर एक पत्र करून दाखव." मशीनवर विकतचं ऑफिस. सरांनी त्यावर बोलणारा प्रोग्राम टाकून दिला. निदान तो फुकटचा हाय, म्हणाले, आणि खूश झाले. मी बसले. पहिलं बटन दाबलं, भलतंच उघडलं. दुसरं दाबलं, आणखी भलतं. मेनूची सगळी मांडणीच वेगळी. माझ्या बोटांना एक घर पाठ होतं, आणि मला दुसऱ्याच घरात सोडलेलं. लिहिलेलं कुठं गेलं तेही कळेना. मॅडम हळूच म्हणाल्या, "हे शिकून या. मी थोडे दिवस थांबते. पण फार न्हाई थांबता येणार."

येताना एसटीत सर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं माझ्यावर नाराज आहेत. उदगीरला उतरलो, क्लासपर्यंत आलो. मी पायरी चढायला पाय उचलला, तर सरांनी दंडाला धरलं. म्हणाले, "इकडं न्हाई. चल."

आणि आम्ही रस्ता ओलांडला.

मंडळी, मला दिसत नाही, पण बालाजी सरांचा क्लास गप्प झालेला मी ऐकलाय. टायपिंगची खडखड एका झटक्यात थांबली.

सर म्हणाले, "बालाजी, काम आणलंय."

बालाजी सर म्हणाले, "बस आधी."

"बसायला न्हाई आलो. या पोरीला तुझं शिकव. लातूरला तिची जागा हाय, तुझ्यावाचून मिळत न्हाई."

"आणि तुझं?"

"माझं तिला येतंय."

मी मनात म्हटलं, आता बालाजी सर एखादा टोमणा मारणार. इतक्या वर्षांचा. त्यांचा हक्कच होता. बालाजी सर इथं बसलेत, त्यांच्यासमोर सांगते. ते काय म्हणाले? म्हणाले, "मन्मथ, मी हिला कसं शिकवू? मी माऊस धरून शिकवतो. बटनं मलाच पाठ न्हाईत."

सर म्हणाले, "मग स्क्रीन बंद कर. तिघं मिळून शिकू."

तिघं मिळून शिकलो. दुपारी क्लास सुटला की आम्ही बसायचो. बंद स्क्रीनसमोर दोन शहाणी माणसं आणि मधे मी. आयुष्यभर ज्या प्रोग्रामला हात लावला नाही, त्याच्यावर मन्मथ सर बोटं फिरवत होते. मधेच भांडायचे. "हे तुझ्यात एका बटनात होतंय व्हय?" "हाव." "बरं हाय मग हे." आणि लगेच, "पण आमच्यात ते दुसरं सोपं हाय." बालाजी सर म्हणायचे, "दाखव." सर दाखवायचे. पोरं दारात उभी राहून ऐकायची. टँकर आला तरी हे दोघं उठायचे नाहीत, मावशीच तिघांच्या घागरी भरून ठेवायची.

पुन्हा लातूरला गेलो. दोघंही आले सोबत. मॅडमनी पत्र सांगितलं. पालकांना कळवायचं होतं, की वसतिगृहात पाण्याची सोय झाली आहे, मुलांना परत पाठवा. माझी बोटं चालली. बरोबर चालली. मी पत्र लिहिलं, जपून ठेवलं, परत उघडलं, आणि मशीनकडून वाचून घेतलं. नाकातल्या आवाजात. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "एक तारखेपासून ये."

मी बाहेर आले. दोघं चहाच्या गाड्यावर उभे. मी म्हटलं, "झालं."

बालाजी सर मोठ्यानं हसायला लागले. मन्मथ सरांकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाले, "सर्दी झाली." भर उन्हाळ्यात.

त्या दिवसानंतर दोन्ही क्लास एक झाले, असं समजू नका. सर शेवटपर्यंत फुकटचंच शिकवत राहिले, बालाजी सर विकतचंच. पण प्रत्येक पोरगं दोन्हीकडं जायला लागलं. महिनाभर इकडं, महिनाभर तिकडं. आता तर सगळं मोबाईलवर होतं. मागं एका पोरीनं सरांना विचारलं, "तुम्ही दोघं नेमकं कशावरून भांडलात?" सरांनी समजावायला सुरुवात केली, आणि निम्म्यातच थांबून हसत बसले.

सरांचं दुखणं लांबलं. श्वास लागायचा. आडवं होता येत नव्हतं, रात्ररात्र बसून काढायचे. काकूंनी जे केलं ते काकूंनाच माहीत. बालाजी सर रोज यायचे. मी शेवटची भेटले तेव्हा ते उशाशी पेपर वाचून दाखवत होते. मी सरांना विचारलं, "लई त्रास होतो का?" सर म्हणाले, "शरीराचा होतो. बाकी कशाचा न्हाई." मग दम घेऊन म्हणाले, "मी याच्याशी न बोलता गेलो असतो, शोभा. थोडक्यात राहिलं बघ."

पहाटे झोपेतच गेले. काकू म्हणाल्या, किती महिन्यांनी त्यांना आडवं झोपलेलं बघितलं. म्हणून मला हलकं वाटतं, मंडळी. दुखणं संपलं म्हणून. आणि त्याच्या कितीतरी आधी ते दुसरं दुखणं संपलं होतं म्हणून. समाधीवर माती देताना बालाजी सरांचा हात काकूंच्या भावाच्या शेजारी होता. मागच्या रांगेत नव्हता. यापेक्षा जास्त मी काय मागू?

आता आपण सरांसाठी उभं राहू या. तुम्ही उठाल, खुर्च्या सरकतील, कुणी खोकेल. ते सगळं होऊ द्या. शेवटची खुर्ची गप्प झाली की मला ऐकू येईल. तिथून आपण शांत राहू.

सर, शेवटचा नमस्कार. शरणु शरणार्थी.