पिशवीतले बूट

घोडेस्वारी शाळेच्या साहेबांनो, चांगल्या बुटांना बुरशी तुम्ही आणलीत. 'बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच ठेवावेत', ही पाटी तुमचीच.

बूट-दुरुस्तीच्या दुकानात सँडल घेऊन बसलेल्या शिवणवाल्या बाईंनी कान टवकारले. पुढे एक नवराबायको लेकीचे उंच बूट मांडीवर घेऊन बसले होते.

"अहो, उद्या पोरीची घोडेस्वारीची परीक्षा, आणि बुटांवर ही हिरवळ."

"पुसून हीटरजवळ ठेवले ना मी. वाळले की नाही?"

"वाळले. पत्र्यासारखे झालेत. घोटा वळेना तर ती रिकिबीत पाय कसा घालणार?"

"निदान ताठ उभे तरी आहेत."

"आत छत्री खोचलीय म्हणून."

"माझी छत्री? अगं, आठवडाभर भिजतोय मी."

"तुम्ही भिजलात तर पुसता येतं. कातडं सावलीतच वाळवावं लागतं."

दुकानदाराने घोटा दाबून पाहिला.

"चीर नाही. कातड्याचं मलम लावून देतो, ते मुरलं की उद्यापर्यंत वळेल. पुन्हा पिशवीत मात्र कोंडू नका, हवा लागू द्या."

"म्हणजे पोरगी उद्या घोड्यावर बसणार?"

"बसणार."

नवऱ्याने हळूच छत्री काढून घेतली.

"आता कुठे निघालात?"

"साहेबांकडे. एवढंच विचारतो, घोडेही पिशवीत बांधून ठेवता का? उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही."