वस्तरा हातात असताना

नाही, पण मी म्हणतो, माणसानं दाढीला यावं, मान मागे टाकावी, डोळे मिटावेत आणि गप पडावं! तोंडाला फेस फासलेला असताना ज्ञान कशाला वाटायचं? तुम्ही बाकावर नंबर लावून बसलाच आहात म्हणून तुम्हाला सांगतो, त्या रिटायर प्रोफेसरांनी माझं वाटोळं केलं. गालावर वस्तरा फिरतोय आणि हे म्हणतात, "मनात येणारे विचार म्हणजे तुम्ही नव्हे हो! ते आपोआप येतात. तुम्ही लांबून नुसतं बघा." झालं! इतकी वर्षं हात चालायचा, डोकं भलतीकडेच असायचं, कुणाचं काही अडलं होतं का? पण मी बघायला लागलो. विचार आला, चहा घ्यावा. म्हटलं थांब, हा कोण बोलला? मी? मग "हा कोण बोलला" हे कोण बोललं?... तेवढ्यात गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, माझी मिशी!" अर्धी गेली होती.

आणि त्यातच आमचे मेहुणे आले. बायकोचा सख्खा भाऊ. खुर्चीत टेकले की सुरू, "दाजी, आरसा जुना झालाय. दाजी, पंखा कुरकुरतो. दाजी, तुम्हाला धंदा कळतच नाही." मी वस्तरा गळ्यावर टेकवला आणि आतून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "जरा दाब."

हा कोण बोलला?! अहो, झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारणारा माणूस मी! अर्धी दाढी तशीच टाकून मागच्या दारानं पळालो. आत मेहुणे, "दाजी? पाणी गेलं का?"

दुकान बंद ठेवलं. हसू नका, खरंच घाबरलो होतो. लोक डोळे मिटून ज्याच्या हाती गळा देतात तो मी, की तो आतला? तो आतला असलो तर वस्तरा सोडावा लागणार, मग खायचं काय, मला दुसरं काही येतं का? प्रोफेसरांना गाठलं, तर म्हणतात, "वा! प्रगती आहे!"

शेवटी बायकोला सांगितलं. वाटलं, रडेल, माहेरी निघून जाईल. ती तवा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढंच? अहो, मनात काय, वाट्टेल ते येतं. हा तवा तुमच्या डोक्यात घालावा असं माझ्या मनात लग्नापासून रोज येतं. घातला का कधी? मग जा, त्याची उरलेली दाढी करा."

सुटलो हो! हात पुन्हा पहिल्यासारखा. मेहुण्यांच्या गळ्याला ओरखडासुद्धा नाही. आतला अजून बोलतो, बोलू दे की, मी लक्षच देत नाही. फक्त... रोज म्हणाली हो ती! रोज! आता जेवायला बसलो की आधी तवा कुठंय ते बघतो.

असो. चला, पुढचा नंबर कुणाचा? या की... अहो, उठलात का सगळे? वस्तरा नवा आहे!... गेले. कुणी सांगितलं होतं हे सगळं बडबडायला? हा कोण बोलला?

हा मात्र मीच.