भिंतीवरचं बटण

दुकानदार : हा अ‍ॅडॅप्टर घ्या काका. दीडशे देशांत चालतो.

वडील : मला एकाच देशात जायचंय. तेही ही ओढून नेतेय म्हणून.

मुलगी : बाबा, दुकानात सुरू करू नका.

वडील : पिन किती हलतेय बघ. सैल पिन म्हणजे ठिणगी. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलंय मी, आणि हा मला खेळणी दाखवतोय.

दुकानदार : मग हा बघा, घट्ट आहे. आणि सोबत व्होल्टेज कमी करायचा हा खोका.

वडील : कशाला? चार्जरच्या पाठीवर लिहिलंय, शंभर ते दोनशे चाळीस. फक्त पिना बदलायच्यात. पांढरे केस दिसले की घालायची टोपी!

मुलगी : दादा, मनावर घेऊ नका. आई गेल्यापासून हे असं...

वडील : माझं गाऱ्हाणं त्याला सांगू नकोस.

मुलगी : एकच द्या, दादा. यांचा फक्त फोन आहे.

वडील : दोन.

मुलगी : दुसरा कशाला?

वडील : लागतो.

मुलगी : पिशवीत काय आहे? दाखवा. बाबा! आईच्या कानाच्या मशीनची डबी? ही मी कपाटात ठेवली होती.

वडील : आणि मी काढली. कोणी सांगितली होती तुला आवराआवर?

दुकानदार : मशीन रोज चार्ज करायचं असेल, तर ताई...

मुलगी : घालणारी नाहीये, दादा. सात महिने झाले. तरी हे रोज डबी चार्जिंगला लावतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला.

वडील : त्या बाईला दुसरा उद्योग नाही!

मुलगी : पण कशासाठी, बाबा? कोणाला ऐकू यायचंय आता?

वडील : ओरडू नकोस!

मुलगी : ओरडताय तुम्ही!

वडील : त्या दिवशीही ओरडलो होतो. मी गॅलरीत, ती खाली. टेम्पो रिव्हर्समध्ये तिच्या अंगावर येत होता. घसा फुटेस्तोवर ओरडलो. तिनं मान वळवली नाही.

मुलगी : माहीत आहे. मशीन बिघडलं होतं.

वडील : बिघडलं नव्हतं. चार्ज नव्हतं.

मुलगी : आई लावायला विसरली?

वडील : ती विसरणारी होती का? तिनं डबी लावली होती. मी झोपायला जाताना भिंतीवरचं बटण बंद केलं. घरातली सगळी बटणं बंद करून झोपायचं, जन्माची खोड माझी. सकाळी ती म्हणाली, आज मशीन बोलत नाही. मी म्हटलं, कोपऱ्यावरून दूध तर आणायचंय, हवंय कशाला मशीन?

(दुकानदार काउंटरवरचे खोके उगाच सरळ करत राहतो.)

मुलगी : सात महिने मी त्या टेम्पोवाल्याला शिव्या घालतेय. एका शब्दानं बोलला नाहीत.

वडील : मग आता मला घाल. घाल ना!

मुलगी : दादा, दोन द्या. घट्ट बसणारे.

दुकानदार : देतो. काका, रागावणार नसाल तर एक सांगू? तिकडच्या सॉकेटला बटण नसतं.

वडील : बटण नसतं म्हणजे?

मुलगी : नसतं, बाबा. माझ्या घरात तर एकालाही नाही. प्लग खोचला की चालू.

वडील : ही कसली वायरिंग? अक्कल गहाण टाकलीय का लोकांनी?

मुलगी : असेल.

वडील : म्हणजे झोपायला जाताना काही बंद करायचं नाही.

मुलगी : करताच येत नाही.

वडील : चुकूनसुद्धा नाही?

मुलगी : नाही.

वडील : चार वर्षं आईला घेऊन या, आईला घेऊन या म्हणत होतीस. एकदा तरी हे सांगायचंस.