खडूची फुली

स्वस्त अलॉय चाकांच्या जाहिराती मला दाखवू नकोस, चहा पी आधी. समीर आठवतो ना, माझा रूममेट? त्याने रेसच्या गाडीला तसलीच चाकं बसवली होती. मी म्हटलं, "ट्रॅकवर टिकतील का रे?" तर म्हणे, "मुरुगन अण्णा तपासतो ना दर वेळी!"

अण्णा आमचा चेन्नईतल्या अंबत्तूरचा मेकॅनिक. चाकाला तडा दिसला की खडूने फुली मारायचा. फुली म्हणजे चाक बाद. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तो गावी गेला, म्हणून गॅरेजमधली पूजा आम्हीच केली. मी चारही चाकं ओल्या फडक्याने लख्ख पुसली, चंदन-कुंकू लावलं. समीरने चाकांखाली लिंबं चिरडत गाडी बाहेर काढली.

रविवारी चौथ्या फेरीत पुढचं चाक तुटलं. गाडी भिंतीवर आदळली आणि समीर जागच्या जागी गेला.

अण्णा गावाहून थेट शवागारात आला. रडत म्हणाला, "तंबी, भावा, त्या चाकावर मी फुली मारून गेलो होतो!"

समीरच्या आईने माझा हात धरला. "फुली बघूनही गेला का रे तो?"

मी म्हटलं, "हो काकू."