चिरलेला भाता

अरे, मागे भजनासाठी मी कणकवलीतून एकाची जुनी बाजाची पेटी घेतली ना, त्याचं ऐका. ठरवताना वाजवून पाहिली, तेव्हा सुरेल होती. दुसऱ्या दिवशी जाऊन उचलली, तोंडवलीला आणून उघडली, तर हवेचा भाता उभा चिरलेला. तडक परत गेलो.

विकणारा म्हणाला, "नेलास तेवा बरी होती. तुमीच खंयतरी आपटलास."

"आपटून भातो असो चिरता?" माझा आवाज चढला.

तेवढ्यात आतून, खाटेवरून, त्याचे वडील म्हणाले, "माझो झील खोटा बोलणा नाय. माका न इचारता पेटी इकल्यान, म्हणान रातीक मीच भातो फाडलंय."

मुलगा कसाबसा म्हणाला, "पण बाबा, तुमी वाजवतास खंय आता?"

"बोटां चलनत नाय, म्हणान ती माझी नाय काय?"

मी पेटी त्यांच्या उशाशी ठेवली आणि निघालो.