वृंदाच्या मुलाखती

वृंदावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनो, आणि आज तिच्या शोकसभेला येणं भाग पडलं म्हणून आलेल्यांनो,

मी कुंदा. वृंदाची शेजारीण आणि मैत्रीण. आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं, पेशंटशी फार बोलावं लागलं नाही. त्यामुळे भाषण मला जमत नाही. आज तर तोंड उघडलं की रडू येतंय, आणि त्याहून जास्त राग येतोय. राग आधी बोलते.

पहिल्या रांगेत वृंदाच्या कॉलेजचे विभागप्रमुख बसलेत. त्यांच्या शेजारी तिची मुलगी इरा आहे, ती त्यांना इंग्रजीत सांगतेय. इरा, सगळं सांग. काही गाळू नकोस, काही गोड करू नकोस.

ती म्हणतेय, "मावशी, प्लीज." नाही बेटा. आज प्लीज नाही.

वृंदा राज्यशास्त्र शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. पण तिचा जीव कशात होता, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? नॉर्वेमधल्या छोट्या छोट्या गावांच्या नगरपालिकांत. आपण हसायचो. मीसुद्धा हसले. एका गणपतीत मोदक वळता वळता मी तिला म्हटलं, "अगं, नॉर्वेच्या ग्रामपंचायतीचं आपल्याला काय करायचंय?" तिचा हात थांबला. म्हणाली, "कुंदा, माझी आई पाच वर्षं सरपंच होती. मीटिंगला बाबा बसायचे. आई आत चहा करायची आणि नंतर सांगतील तिथे सही करायची. मला बघायचंय, बाया खुर्चीत बसून खरंच बोलतात असं गाव कसं असतं. ते कसं घडवलं त्यांनी."

 

त्यासाठी ती पन्नाशीत नॉर्वेजियन शिकली. कॉलेजला ड्राइव्ह करताना गाडीत धडे लावायची. पहाटे उठून बेसमेंटमध्ये बसायची आणि तिकडच्या नगरसेविकांशी व्हिडिओवर बोलायची. मासे साफ करण्याच्या कारखान्यातली कामगार, शाळेतली शिक्षिका, दोन विधवा बहिणी. एकेकीशी तास तास. एक बेरित नावाची म्हातारी तर हिला मुलगीच म्हणायला लागली होती.

मग एक संधी आली. नॉर्वेमधल्या विद्यापीठात वर्षभर राहून संशोधन करायचं. निवड जवळपास झाली होती. फक्त विभागप्रमुखांचं पत्र हवं होतं, म्हणून तिने मुलाखतींचे उतारे त्यांना वाचायला दिले. हे म्हणाले, "अर्थात देतो." तिने आठवण करून दिली. "हो हो, देतो." पुन्हा करून दिली. "या आठवड्यात नक्की." डेडलाइन गेली. पत्र गेलंच नाही.

ती विचारायला गेली, तेव्हा हे काय म्हणाले, सांगू? अगदी मायेने म्हणाले, "या वयात, घरदार सोडून तुम्ही खरंच जाल, असं मला वाटलंच नाही."

इरा, सांगितलंस? शब्द न् शब्द? छान.

त्या दिवशी ती माझ्या ड्राइव्हवेमध्ये गाडी लावून बसली. घरात आली नाही. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "नाही म्हणाले असते ना, तर मी दुसऱ्या कोणाकडे गेले असते."

पुढच्या वर्षी स्कँडिनेव्हियाच्या राजकारणावरची मोठी परिषद होती. मी तिच्याबरोबर गेले, ड्रायव्हर म्हणून. मोठ्या हॉलमध्ये हेच सर बोलायला उभे. पडद्यावर एकामागून एक वाक्यं. कारखान्यातल्या बाईचं. दोन बहिणींचं. बेरितचं. वृंदाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. वरती लिहिलं होतं, "आमच्या टीमने घेतलेल्या मुलाखती." वृंदाचं नाव कुठेच नाही.

प्रश्नांची वेळ आली आणि ती उभी राहिली. बेरितचं वाक्य तिने नॉर्वेजियनमध्ये म्हणून दाखवलं, सबंध. मग विचारलं, "सर, तुमच्या टीममधलं कोण बोललं हिच्याशी?" सर हसले. म्हणाले, "हे आपण नंतर बोलू." ते नंतर कधी आलंच नाही. सेमिस्टर संपलं आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही. कारण काय? बजेट!

त्यानंतर कॅन्सर. कॅन्सर सरांनी दिला असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर आहे. पण किमोच्या खुर्चीत बसून ही बाई कानाला हेडफोन लावून मुलाखती उतरवत होती, तेव्हा विभागातून एक फोन आला नाही. आणि आज फुलं आलीत. आज मला समजतंय की तिच्या नावाने निबंधाचं बक्षीस ठेवणार आहेत!

सर, बक्षीस नको. त्या मुलाखतींवरचा तुमचा लेख अजून छापायचा आहे ना? त्यावर तिचं नाव घालणार का? सगळ्यांच्या आधी? मी थांबते. उत्तर द्या.

काय म्हणाले, इरा?

"योग्य त्या पद्धतीने विचार करू."

ऐकलंत सगळ्यांनी? तिला आयुष्यभर हेच ऐकवलं यांनी.

मग आता माझं ऐका. त्या मुलाखती, रेकॉर्डिंग, वह्या, सगळं वृंदाने जाण्याआधी इराच्या हवाली केलं होतं. विभागाने दोनदा मागणी केली. इराने दिलं नाही. बेरितच्या गावच्या लायब्ररीने पत्र पाठवलं, आम्ही जपून ठेवतो म्हणून. गेल्या सोमवारी मी आणि इरा खोकी घेऊन पोस्टात गेलो. प्रत्येक पानावर इराने स्वतःच्या हाताने लिहिलंय, मुलाखत घेणारी: वृंदा. लेख छापून आला, की कोणीही ते उघडून ताडून बघू शकेल.

माझ्यानंतर बोलणाऱ्यांच्या यादीत सरांचं नाव आहे. ते बोलणार नाहीत. वृंदाच्या नवऱ्याला, श्रीरंगला, मी विचारलंय, आणि त्याने मान डोलावलीय.

वृंदा, तुला माझा नमस्कार. मी हसले होते, त्याची माफी मी तुझ्यासमोर कधी मागितली नाही. ती आज सगळ्यांसमोर मागते.

आता दोन मिनिटं शांत उभे राहूया.

सर, तुम्हीसुद्धा. उठा.