कशासारखी लागते, ते सांगा

...आणि वर इस्त्रीवाला दूधवाल्याला काय सांगतो, तर "डोंगरावरच्या त्या वाइनवाल्यांनी म्हणे बाटलीवर समोरच्या वहिनींना..." आणि दोघं बोलत बोलत जिना उतरून गेले, उरलेलं वाक्य रस्त्यावर. मी चपला अडकवून खाली पोचेपर्यंत एक इकडे, एक तिकडे. आता तुम्हीच सांगा, ही काय बोलायची पद्धत झाली? बाटलीवर वहिनींना काय? छापलं? चिकटवलं? अहो, पुरतं तरी बोला, माणूस दाराशी कान लावून ताटकळत उभं आहे...

मला काय करायचंय म्हणा.

पण तुम्हाला सांगते, ही समोरची वहिनी म्हणजे दाराला दार. ती मला ताई म्हणते. दवाखाना असो, चादरी घ्यायच्या असोत, कुणाचं बाळ बघायला जायचं असो, आम्ही दोघी बरोबर. एवढंच काय, तिच्या जावेशी भांडायलासुद्धा मी बरोबर होते, आणि खरं तर भांडले मीच. आणि ही बाई डोंगरावर वाइन चाखायला जाऊन येते, वर बाटलीवर चढते, आणि मला पत्ता नाही? विचारलं सरळ, "काय गं, कुठे गेली होतीस मागे?" तर म्हणते, "कुठे नाही हो ताई, जावेबरोबर जरा हवा खायला." जावेबरोबर! म्हणजे भांडायला मी आणि हवा खायला जाऊ?

रविवारी आमच्या ह्यांना म्हटलं, चला, डोंगरावर जाऊ. हे म्हणाले, "तुला तर खोकल्याच्या औषधाचा वास सहन होत नाही, वाइन कधीपासून प्यायला लागलीस?" म्हटलं, प्यायला नाही, बघायला. "काय बघायला?" म्हटलं, निसर्ग.

तर वळणं वळणं घेत गेलो. मला वाटलं होतं मोठा कारखाना असेल, भोंगा वाजत असेल. कसलं काय, एक लांबट दगडी घर, मागे उतारावर द्राक्षाच्या रांगा, आत ओळीने लाकडी पिंपं आणि एका पिंपावर वाळत टाकलेला टॉवेल. घरचीच माणसं सगळी. मुलगा पिंपं बघतो, त्याची नखं कायमची जांभळी. सून ओतते. आणि खिडकीपाशी खुर्चीत आजी, त्या काहीच करत नाहीत, फक्त मालकीण आहेत.

सुनेने टेबलावर ग्लास मांडले आणि मधोमध एक बादली ठेवली. म्हणाली, चव घ्यायची आणि ह्यात थुंकायचं. मी म्हटलं, काय? लोकांच्या घरी जायचं, त्यांनी राबून केलेलं तोंडात घ्यायचं आणि त्यांच्याच डोळ्यांसमोर थुंकायचं? पानात टाकलं तरी आई पाठीत धपाटा घालायची. आमचे हे मात्र लगेच थुंकले, ह्यांना सवयच आहे सांगितलेलं ऐकायची. मी सगळे ग्लास गिळले. आणि पुढे पुढे ह्यांचेही, वाया जाऊ नयेत म्हणून.

त्यामुळे झालं काय, की जीभ सैल सुटली. सुनेला विचारलं, तुझं माहेर कुठलं, लग्न जमवलेलं की जमलेलं, सासू वेगळी झोपते का, दुसऱ्या मुलाचा विचार आहे की नाही. ती बिचारी ओततच राहिली.

त्या घराची एक रीत आहे. प्रत्येक ग्लासानंतर आजी विचारतात, "कशासारखी लागते?" आणि फळाचं नाव घ्यायचं नाही. आपल्या घरातली वस्तू सांगायची नाहीतर ओळखीचं माणूस. कुणाचं उत्तर आजींना पटलं, तर ते बाटलीच्या मागच्या लेबलावर छापतात. हे ऐकलं मात्र, आणि माझ्या पोटात असं काही जळलं, ते वाइनने नव्हे. म्हणजे वहिनीचं बोलणं छापलं? जी घरी आलेल्या पाहुण्यांना "बसा" म्हणायच्या आधी माझ्याकडे बघते, तिचं?

मग मीही सोडलं नाही. पहिलीला म्हटलं, लोकरीच्या शालीसारखी, कपाटातून नुकत्याच काढलेल्या. आजी म्हणाल्या, "हं." दुसरीला म्हटलं, नवऱ्याच्या मोठ्या बहिणीसारखी, नाक वर. "हं." तिसरीला तर मी म्हटलं, शिक्षा झालेल्या मास्तरांसारखी, मलाच कळलं नाही काय ते. नुसतं "हं." मोजून एक अक्षर, तेही अर्धं.

शेवटी फेसाळ वाइनची बाटली आली. सुनेने बूच काढलं तशी ती जी उसळली, टेबल भिजलं, ह्यांची बाही भिजली, थांबेचना. आजी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "ही एका बाईंनी बरोबर ओळखली. तुमच्याच गावाकडच्या होत्या, जावेबरोबर आलेल्या. वाचा मागे."

माझा चष्मा गाडीत. म्हटलं, अहो, वाचा तुम्ही. हे वाचायला लागले, "माझ्या शेजारणीसारखी. पहिला घोट आंबट, मग गोड..." आणि थांबले. म्हटलं, पुढे? "पुढे काही नाही." म्हटलं, बोट ठेवलंय तुम्ही, काढा. मग घसा साफ करून वाचलं, "...एकदा उघडली की थांबत नाही. पण दोन दिवस दिसली नाही तर करमत नाही."

सून टेबल पुसत होती, ती तशीच पुसत राहिली. आजी माझ्याकडे बघत होत्या, मग सुनेकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाल्या, "त्या म्हणत होत्या, पुढच्या वेळी तिला आणते. पण आधी सुनेला सांगून ठेवते म्हणाल्या, सगळ्या चौकशा होतील."

आता ह्यावर रागवायचं की रडायचं? परतताना सगळी वळणं मी तोंड मिटून बसले, हे दोनदा गाडी थांबवून विचारतात, बरं आहे ना तुला?

आल्या आल्या बाटली घेऊन समोरची बेल वाजवली. वहिनीने दार उघडलं, बाटली बघितली आणि पदराने कपाळ पुसलं. म्हटलं, "आंबट?" म्हणाली, "ताई, फक्त पहिला घोट." म्हटलं, "आणि करमत नाही, ते खरं?" तर वेडीच्या डोळ्यांत पाणी. मग काय, आत गेले, बसले, बाटली संपवली.

म्हणजे बातमी खरी, पण अर्धीच. बोलणं वहिनीचं, बाटलीवर मी. निघताना तिला बजावलं, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी कशाला सांगू ताई? ते काम तुमचं."

माझं कसलं काम... आणि बघा, तुम्हाला सगळं सांगून बसले.